उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन निवांत दिवस आणि प्रीतीचा अध्याय

सोलापुरात निवांत शनिवार-रविवार ठरवायचा असेल तर आधी कॅलेंडर बघू नका, नळाला पाणी कधी येणार ते बघा. बऱ्याच भागांत पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं. पाण्याचा दिवस शनिवारी पहाटे पडला तर घरातलं एक माणूस मोटार, पाइप आणि पिंपांमागे दोन तास अडकलंच म्हणून समजा. बाकीचे फिरायला जाणार, ते एक माणूस मागे राहणार. असा शनिवार निवांत नसतो, तो फक्त बाकीच्यांना तसा वाटतो. त्यापेक्षा एक आठवडा पुढे ढकला.

पुढची सगळी आखणी याच गोष्टीभोवती आहे. बायबलात लूक १०:३८-४२ मध्ये मार्था आणि मरिया या दोन बहिणी भेटतात. मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते, मार्था कामानं गांजते आणि शेवटी येऊन तक्रार करते. या उताऱ्यावरून स्वयंपाकघरातल्या बाईलाच चार शब्द ऐकवायची आपल्याकडे पद्धत आहे. तिनं काळजी सोडून येऊन बसावं, असं सगळे सांगतात. चुलीवरचं पातेलं कोण उतरवणार ते कोणी सांगत नाही. म्हणून साधा नियम: मार्थेचं काम शुक्रवारी रात्रीपर्यंत सगळ्यांनी मिळून उरकायचं, आणि शनिवार-रविवार सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरात गॅस पेटवायचा नाही.

दिवस कोणते निवडायचे? मार्चचा दुसरा पंधरवडा किंवा फार तर एप्रिलचा पहिला आठवडा. होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात, तरी सोलापुरात या दिवसांत पहाटे अंगावर चादर लागते. दुपारी मात्र पारा अडतीसच्या आसपास फिरत असतो. एप्रिल अर्धा सरला की पहाटही हातची जाते. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो, म्हणजे बहुतेक वर्षी हे लेंतचेच, ईस्टरआधीच्या उपासाच्या काळाचेच, दिवस असतात. आखणी चार-पाच माणसांच्या ख्रिस्ती घराला धरून दिली आहे, पण माठ, पन्हं आणि शेजार यांना धर्म विचारायचं काही कारण नाही.

शुक्रवारपर्यंतची तयारी

नवा माठ घ्यायचा असेल तर तो बुधवारीच आणा. बोटाच्या पेरानं टिचकी मारा: खणखणीत आवाज आला तर घ्या, भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. रंगवलेला, चकचकीत माठ शोभेचा, पाण्याचा नव्हे. माठ गार करतो तो पाझरून. आतलं पाणी भिंतीतल्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं, हवेत उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. रंगानं छिद्रं बुजली की पाझर बंद, आणि पाझर बंद म्हणजे गारवा बंद. आपल्याकडची हवा या दिवसांत कोरडी असते म्हणून माठ इतका चांगला चालतो; पावसाळ्यात तोच माठ रुसून बसतो.

आणल्यावर माठ चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा. टब नसेल तर तोंडापर्यंत भरून बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. पहिली दोन भरणी झाडांना घाला, त्यांना मातीचा वास असतो. साबण किंवा भांडी घासायची पावडर अजिबात लावायची नाही. ती छिद्रांत मुरते आणि आठवडाभर पाण्याला चव देते. नुसता काथ्या पुरे. परातीत चार बोटं वाळू घालून त्यावर माठ ठेवा, वाळू ओली राहू द्या. जागा सावलीतली हवी पण वारा खेळता हवा. कोपऱ्यात, फ्रीजच्या मागच्या गरम हवेत माठ ठेवून "गारच होत नाही" म्हणणारी घरं कमी नाहीत. मागच्या वर्षीच्या माठावर पांढरे डाग दिसले तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. काथ्यानं खरवडून बघा. तरीही बाहेरची बाजू दुपारी ओलसर लागली नाही तर त्या माठात पुदिना लावा आणि नवा आणा.

पन्ह्यासाठी अर्धा किलो कैऱ्या लागतात. मार्चात लक्ष्मी मंडईत कैरी दिसायला लागते, पण हातात घेऊन दाबून बघा. कोय धरलेली नसेल तर गर निघत नाही आणि चव तुरट लागते. देठ कापून अर्धा तास पाण्यात ठेवा, नाहीतर चिकानं घसा खवखवतो. कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या, गार झाल्यावर साल काढून गर हातानं कोळायचा आणि चाळणीतून काढायचा. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड. गर कोमट असतानाच गूळ घाला म्हणजे आपोआप विरघळतो. कल्हई नसलेलं पितळेचं भांडं वापरू नका. आंबट गरानं ते कळकतं. काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, हा अर्क आठवडाभर टिकतो. प्यायच्या वेळी पेल्याला दोन-तीन मोठे चमचे आणि माठातलं पाणी. बर्फ घालू नका, वेलदोडा मरतो.

शेंगाचटणी विकतची चांगली मिळते. घरी करायची तर पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. आच मोठी केली की साल काळं होतं आणि आत दाणा कच्चा राहतो. अशी चटणी तिसऱ्या दिवशी खवट लागते. गार करून साल पाखडा, दहा-बारा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, दोन मोठे चमचे तिखट, दीड चमचा मीठ घालून उखळात कुटा. तेल सुटून चटणी बोटाला धरायला लागली की थांबायचं. मिक्सरवर करायची असेल तर बटण क्षणभर दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सलग फिरवलं की लगदा होतो आणि सोलापूरचं नाव जातं.

कडक भाकरी मात्र विकत आणा. ज्वारीची पातळ भाकरी न फुगवता, न जाळता, कुरकुरीत वाळवणं हा रोजच्या हाताचा खेळ आहे; सुट्टीच्या दिवशी शिकायचा नव्हे. माणशी दोन-तीन पुरतात.

दही या दिवसांत चार-पाच तासांत लागतं. रात्री नऊला विरजण लावून सकाळी सातला बघाल तर आंबट ढोण. लिटरला अर्धा चमचाच विरजण घाला, झोपायला जाताना अगदी शेवटी लावा आणि पहाटे उठल्याबरोबर फ्रीजमध्ये सरकवा.

या सगळ्याला तीन माणसं लागली तर दीड तास लागतो. एकाला चार तास. दाणे पाखडणं, कैऱ्या कोळणं ही पोरांची आणि बाप्यांची कामं, हे आधीच ठरवून टाका.

शनिवारची पहाट

सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, नऊला ऊन चावायला लागतं. म्हणजे हातात अडीच तास. पावणेसहाला घराबाहेर पडलात तरच ते मिळतात.

जवळ जायचं तर सिद्धेश्वर तलावाचा काठ आणि भुईकोट किल्ल्याचा परिसर. थोडं लांब जायचं तर तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव. पण खरी पहाट बघायची तर बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळरान. अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं आहे. माळढोक आता दिसणं फार दुर्मिळ, तेव्हा मुलांना तसं वचन देऊन नेऊ नका. काळवीट बहुधा दिसतात. प्रवेशाची वेळ आणि परवानगी वनखात्याकडे आदल्या दिवशी विचारून ठेवा. भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत, आणि वाट सोडून गवतात शिरू नका. माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती पायाखाली आल्याशिवाय दिसत नाहीत. झाडाची सावली तिथे मिळेलच असं नाही, म्हणून टोपी आणि माणशी एक लिटर पाणी न्याच.

इथे वाचायला मत्तय ६:२५-३४ एवढंच पुरे. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारांत साठवत नाहीत, तो उतारा. माळावर उभं राहून हे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते: पाखरं रिकामी बसलेली नाहीत, पहाटेपासून चोचीनं माती उकरत असतात. येशू काम सोडायला सांगत नाही, चिंता सोडायला सांगतो. एवढं बोलून झालं की पुस्तक मिटा आणि अर्धा तास कोणीही बोलू नका. मुलांना अर्धा तास जमत नाही, त्यांना दहा मिनिटं द्या.

दुपार: चार वचनं, एक वही

जेवण बाराच्या आत. कडक भाकरी ताकात चुरून, वर शेंगाचटणी, तोंडी लावायला कांदा. शेवटी कलिंगड. कलिंगड निवडताना खालचा डाग बघा: जमिनीवर टेकलेली बाजू पिवळसर हवी, पांढरी असेल तर ते वेळेआधी तोडलेलं आहे. अख्खं कलिंगड बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेवलं की पुरेसं गार होतं, आणि तेच पाणी नंतर झाडांना जातं.

जेवणावर लगेच शास्त्र उघडू नका. दुसऱ्या वचनाला डुलकी लागते आणि मग उगाच अपराधी वाटतं. सरळ झोपा. कूलर लावला असेल तर समोरची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर ओलाव्यावर ओलावा टाकत राहतो आणि तासाभरात अंग चिकचिकतं. ओली हवा बाहेर पडली तरच कोरडी आत येते आणि वाळा आपलं काम करतो.

साडेतीनला उठून पन्हं. मग सगळ्यांनी गोल बसायचं, मध्ये पवित्र शास्त्र, प्रत्येकाकडे वहीचं एक पान आणि पेन्सिल. १ करिंथ १३, त्यातली फक्त ४ ते ७ ही चार वचनं. एकानं मोठ्यानं वाचायची, थोडं थांबून दुसऱ्यानं. वाचायला मिनिटभरही लागत नाही.

आता मोजा. प्रीतीबद्दल या चार वचनांत पंधरा गोष्टी सांगितल्या आहेत. "सहनशील आहे, परोपकारी आहे" इथून सुरुवात होते, आणि त्यानंतर लागोपाठ आठ गोष्टी "करत नाही" अशा येतात: हेवा, बढाई, फुगणं वगैरे. पंधरापैकी आठ नकार. मुलांना हे मोजायला लावा. मोजताना ती नीट वाचतात.

इतके नकार का, ते कळायला दोन अध्याय मागे जावं लागतं. हा अध्याय आपण लग्नात वाचतो, पण करिंथच्या मंडळीला हे पत्र लिहिणाऱ्या पौलानं तो लग्नासाठी लिहिला नव्हता. करिंथच्या मंडळीत तट पडले होते. प्रभुभोजनासाठी एकत्र जमायचे तेव्हा काही जण आधीच आपलं जेवून घेत आणि काही उपाशी राहत (११:२१). प्रीतीचा अध्याय आपल्यापर्यंत आला तो अशा पंगतीच्या भांडणातून. आपल्या घरात शेवटी कोण जेवतं आणि तोवर रश्श्यात काय उरलेलं असतं, हा प्रश्न इथेच विचारून घ्या. चर्चा पुष्कळ होते.

एका शब्दापाशी जास्त वेळ थांबा. पाचव्या वचनात "अपकार स्मरत नाही" असं आहे. मूळ ग्रीक शब्द हिशेबाचा आहे, खात्यावर मांडणं या अर्थाचा. मंगळवार पेठेतल्या जुन्या दुकानदाराची उधारीची वही डोळ्यांसमोर आणा: लाल कापडी बांधणी, प्रत्येकाच्या नावाचं पान, तारीख, रक्कम, खाली बाकी. घरातही अशा वह्या असतात, फक्त कागदावर नसतात. "दिवाळीला तुमच्याकडून साधा फोन आला नव्हता" हे मार्चात निघतं ते कुणीतरी पान जपून ठेवलेलं असतं म्हणून. पौल म्हणतो, प्रीती हे पान उघडत नाही. झालेलं विसरून गेली असं नव्हे. तिनं ते नावावर मांडलंच नाही.

मग प्रत्यक्ष कृती. त्या चार वचनांत जिथे जिथे "प्रीती" किंवा "ती" आहे तिथे स्वतःचं नाव घालून मनातल्या मनात वाचा. कुठेतरी जीभ अडखळते. जिथे अडखळली तो एकच शब्द वहीच्या पानावर लिहा, त्याखाली एका माणसाचं नाव, आणि त्याखाली येत्या सात दिवसांत करायची एकच गोष्ट. "चिडत नाही" लिहिलं असेल तर "आईला फोनवर मध्येच तोडणार नाही" इतकं बारीक लिहा. "शांत राहीन" हे लिहून काही होत नाही. पान घडी घालून शास्त्रात ठेवा, कोणी कोणाचं वाचायचं नाही.

हे बहुतेक दोन ठिकाणी फसतं. पहिलं, वचन वाचता वाचता ते जाऊबाईंना किंवा साहेबांना कसं तंतोतंत लागू पडतं हे सुचायला लागतं. सुचलं की परत स्वतःच्या नावानं वाचा. दुसरं, बैठकीचं कोर्ट होतं. "तू काय लिहिलंस ते ठाऊक आहे मला" असं कोणी म्हटलं की तिथेच उठून पन्ह्याकडे वळलेलं बरं.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. "सर्वकाही सहन करते" हे सातवं वचन दाखवून मारहाण सोसणाऱ्या बाईला परत त्याच घरात पाठवणारी माणसं आहेत. त्याच्या आधीचं सहावं वचन ते वाचत नाहीत: प्रीती अनीतीत आनंद मानत नाही, सत्यात मानते. मार खाल्ला हे सत्य लपवणं म्हणजे प्रीती नव्हे. अशी वेळ घरात किंवा मंडळीत कोणावर असेल तर वहीचं पान बाजूला ठेवा आणि तिला सुरक्षित जागी न्या.

संध्याकाळची भेट

सहानंतर कोणाकडे तरी जायचं. एकट्या राहणाऱ्या आजी, दवाखान्यातून घरी आलेले काका, नोकरी गेलेला शेजारी. आधी फोन करा, पाऊण तासाच्या वर बसू नका, आणि त्यांना चहा ठेवायला उठू देऊ नका. पन्ह्याची बाटली सोबत न्या.

"काही लागलं तर सांगा हं" हे वाक्य घरीच ठेवून जा. ते ऐकून आजवर कोणी काही मागितलेलं नाही. मागायचं म्हणजे आधी आपली गरज शोधायची, मग तोंड उघडायचं, मग उपकार मानायचे. तिन्ही कामं आपण समोरच्यावर ढकलतो. त्याऐवजी नेमकं बोला. "आजी, मंगळवारी पाणी येईल तेव्हा मी सहाला येतो आणि पिंप भरून देतो." "काका, सोमवारी तपासणीला जायचंय ना, रिक्षा घेऊन साडेनऊला खाली थांबतो." वार, वेळ आणि काम तिन्ही ठरलेलं असलं की समोरच्याला फक्त "बरं" म्हणायचं असतं.

लुटारूंनी वाटेत अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला मदत करणारा लूक १० मधला शोमरोनी असाच नेमका वागतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणतो. मग आपल्या वाटेनं जातो. हा शेवटचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तो स्वतःचा प्रवास सोडत नाही, सगळं एकट्यानं करत नाही, दुसऱ्याला कामाला लावतो. मदत करता करता आपण कोसळलो तर पुढच्या शनिवारी कोण येणार?

मुलं बरोबर असतील आणि "शेजारी म्हणजे बाजूच्या घरातलेच का?" असं विचारलं, तर येताना भैय्या चौकातल्या डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकाशी थांबा. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ते ख्रिस्ती नव्हते. शोमरोनीही यहुदी नव्हता, आणि गोष्टीचं सगळं मर्म तिथेच आहे.

रात्री गच्चीवर झोपायचं असेल तर घाई करू नका. दिवसभर तापलेला स्लॅब दहा-साडेदहापर्यंत उष्णता सोडत असतो. सातच्या सुमारास कपडे विसळलेलं शेवटचं पाणी गच्चीवर शिंपडा, त्यासाठी पिण्याचं नको. अंथरायला सतरंजी, पहाटेसाठी उशाशी चादर. तोवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची दोन-चार भजनं टाळावर म्हणा. अभंगाच्या चालीत ती अशी बसली आहेत की शेजारची माळकरी मंडळीही कठड्याशी येऊन ऐकतात.

रविवार: प्रीतिभोजन

रविवार म्हणजे मटण, हे सोलापुरात मोडणं अवघड. तेव्हा मोडू नका, शनिवारी रात्री हलवा. रविवारी दुपारी उपासनेहून घामाघूम आलेल्या बाईनं पुन्हा वाटण वाटायला बसायचं, यात कसला शब्बाथ, कसला विसाव्याचा दिवस? "शब्बाथ मनुष्यासाठी झाला" हे मार्क २:२७ मधलं वचन तिलाही लागू आहे.

दुपारचं जेवण थंड ठेवा आणि दोन घरांनी मिळून करा. पहिल्या शतकातल्या मंडळ्या एकत्र जेवत त्याला प्रीतिभोजनच म्हणत. यहूदाच्या पत्रात (वचन १२) हा शब्द येतो. आठ माणसांना दहीबुत्ती अशी: तीन वाट्या जुना तांदूळ सकाळी सातलाच मऊ शिजवा, परातीत पसरून पूर्ण गार करा, हातानं मोडा. अर्धा लिटर गार दूध, तीन वाट्या दही, मीठ, किसलेलं आलं. वरून तेलात मोहरी, उडीद डाळ, सुकी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी, तीही गार करून. भात गरम असताना दही घातलं तर ते फाटतं आणि अकरापर्यंत आंबतं. दूध जास्त घालायचं कारण हेच: दुपारपर्यंत ते दह्यात मुरून चव नेमकी येते. तरीही घट्ट झालं तर पाणी नको, दूधच वाढवा. भांडं फ्रीजमध्ये, उपासनेहून आल्यावर बाहेर. सोबत काकडीची कोशिंबीर, शेंगाचटणी, उरलेली कडक भाकरी आणि हंगाम सरायच्या आत मिळाली तर द्राक्षं. ती मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोनदा धुवा.

पंगत एकच. वाढणारं कोणी उभं राहत नाही, सगळं मध्ये ठेवायचं आणि हातानं घ्यायचं. भांडी घासायला ते बसतील ज्यांनी शुक्रवारी काही केलं नाही. पाळकसाहेबांना बोलावलं असेल तर त्यांनाही पाट तोच, ताट तेच.

रविवारची संध्याकाळ: दाराबाहेरचा माठ

मत्तय १०:४२ मध्ये येशू म्हणतो, या लहानांपैकी एकाला कोणी गार पाण्याचा एक प्याला दिला तरी तो आपल्या प्रतिफळाला मुकणार नाही. मार्कातही (९:४१) प्याला आहे, पण तिथे नुसतं पाणी आहे. "गार" हा शब्द मत्तयानंच दिला आहे. बिनफ्रीजच्या, उन्हाच्या मुलखात गार पाणी म्हणजे कोणीतरी नुकतंच विहिरीतून शेंदलेलं, किंवा सावलीत राखून ठेवलेलं. या एका शब्दातला कष्ट सोलापूरकराला समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून दोन दिवसांचा शेवट दाराबाहेर पाणपोई मांडून करा. दहा-बारा लिटरचा माठ, वर जाड झाकण, झाकणावर दगड, कारण वाऱ्यानं उडून पडलेलं झाकण म्हणजे माठात धूळ. लांब दांड्याचं ओगराळं आणि साखळीनं बांधलेले दोन स्टीलचे पेले. ओगराळ्यालाच तोंड लावू नका असं मोठ्या अक्षरात लिहून लावा. जागा फाटकाच्या सावलीची, पण रस्त्यावरून दिसणारी. कचरा गोळा करणाऱ्या मावशींना, कुरिअरच्या पोरांना आत हाक मारायला संकोच वाटतो. पाणी रोज नवं, माठ दर दोन दिवसांनी काथ्यानं घासायचा. खाली पाणी साचलेलं ताट ठेवू नका, डेंग्यूचे डास त्यातच होतात; ओली वाळूच बरी. पाखरांसाठी वेगळं पसरट मातीचं भांडं, दोन बोटं खोल, मध्ये एक दगड, म्हणजे चिमणीला उभं राहायला जागा मिळते.

ज्या आठवड्यात नळाचं पाणी लांबतं त्या आठवड्यात पाणपोई बंद पडते. पिंपात वीस लिटर पाणी पाणपोईच्या नावानं वेगळं राखून ठेवा आणि त्यावर खडूनं खूण करा, नाहीतर ते धुण्यात जातं. पहिला आठवडा उत्साहात निघतो, दुसऱ्यात माठ दुपारी दोनलाच कोरडा असतो, आणि प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्यानं भरला असेल. रविवारी रात्री झोपायच्या आधी घरातल्या पाच जणांची नावं आणि सात वार एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. उरलेले दोन वार शेजाऱ्यांना विचारून बघा, बहुधा कोणी नाही म्हणत नाही.